घोडीच्या गळ्यातला पट्टा

आमच्या ह्यांनी तो पट्टा घेताना जेवढा विचार केला, त्याच्या निम्मा जरी मला मागणी घालताना केला असता, तर मी आज दुसऱ्या कुणाच्या तरी घरी सुखात असते.

पट्टा घोडीसाठी. घोडी माझी. बापानं लग्नात दिलेल्या घोडीची ही लेक, तांबडी, कपाळावर चांदवा. तिचं दूध आंबवून केलेल्या कुमिसला आमच्या गावात तोड नाही. या घरात माझं म्हणावं असं तेवढंच. बाकी सगळं ह्यांचं, ह्यांच्या आईचं, नाहीतर बँकेचं.

वसंतात खालच्या वस्तीवरच्या दोन घोड्या चरायला गेल्या त्या गेल्याच. चोरांनी नेल्या की लांडग्यांनी, माळाला विचारा. तेव्हा मी म्हटलं, "अहो, गळ्यात बांधायचं यंत्र मिळतं म्हणे. घोडी कुठं आहे ते फोनवर दिसतं. घ्या की एक."

झालं! महिनाभर हा माणूस फोनमध्ये डोकं खुपसून बसला. तालुक्याच्या दुकानात एक पट्टा होता. स्वस्त, दिसायला साबणाची वडी. दुकानदार म्हणाला, "बिघडला तर घेऊन या. मी काय, इथंच मरणार आहे." मला तो माणूसही पटला आणि पट्टाही.

"त्यात आहे काय पण?" हे म्हणाले. "नुसतं घोडी कुठं आहे तेवढंच सांगतो!"

"मग आणखी काय सांगायला हवंय? तिच्या मनातलं?"

ह्यांना शहरातला हवा होता, दुप्पट किमतीचा. तो घोडीची पावलं मोजतो, छातीचे ठोके मोजतो, खोल पाण्यातसुद्धा चालतो.

"आपल्या माळावर घोट्याच्या वर पाणी बघितलंय कधी? आणि घोडी बुडाल्यावर पट्टा घेऊन काय चाटायचाय?"

"तुला नाही कळायचं. शिवाय चोवीस तास मदत आहे, फोनवर."

"मग घेण्याआधी फोन लावून बघा."

लावला. चहा गार होईपर्यंत त्यातून गाणं वाजत राहिलं. माणूस काही आला नाही. तर हे म्हणतात कसे, "आवाज बघ किती स्वच्छ येतोय!" कपाळ माझं!

पट्टा आला. नवी वस्तू आली की शेजारपाजार बघायला येतो, हातावर काहीतरी ठेवतो, आणि आपण त्यांना जेवायला घालायचं. मी मांस शिजत घातलं. म्हातारे तोलेगेन आजोबा आले, चारपाच घरं आली. हे घोडीजवळ उभे राहून पट्ट्याचं असं कौतुक सांगत होते, जसा स्वतःच्या पोटातून काढलाय.

तेवढ्यात आला मेडेट. ह्यांच्या बहिणीचा मुलगा.

आमच्यात भाच्यानं मामाच्या घरी एखादी वस्तू मागितली की ती द्यावीच लागते. तीनदा त्याचा हक्क. नाही म्हणणाऱ्या मामाचे हात म्हातारपणी थरथरतात म्हणे. या मेडेटनं आधी खोगीर नेलं, मग मोटरसायकल नेली. तिसरी मागणी त्यानं राखून ठेवली होती.

त्यानं पट्टा चाचपला. "मामा, भारीच दिसतोय!"

ह्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. "भारी? डोंबलाचं भारी! लुबाडलं रे मला. तालुक्याला याच्या निम्म्यात मिळत होता."

"पण सोयी केवढ्या आहेत म्हणे?"

"कसल्या सोयी! पाण्यात चालतो. घोडी बुडाल्यावर पट्टा घेऊन काय चाटायचाय?"

"आणि बिघडला तर?"

"तर फोनवर गाणं ऐकत बसायचं. माणूस नाही सापडत तिथं!"

सगळे माझे शब्द! महिनाभर या कानानं ऐकून त्या कानानं सोडले असं मला वाटत होतं. एकूण एक पाठ होते तर.

एवढ्यावर थांबायचं ना! पण नाही. जिभेला हाड नाही ते नाहीच. "वस्तू कशी असावी, सांगू मेडेट?" म्हणाले आणि घोडीच्या मानेवर थाप मारली. "अशी! फुकटात आली. गवतावर चालते. वर्षाला एक शिंगरू, वर दूध. रुसली तर तुझी मामी कानात दोन शब्द बोलते, की लागली कामाला. अशी वस्तू शोधून सापडायची नाही!"

"अहो, मांस निवतंय, चला आत!" मी ओरडले.

मेडेटनं पट्ट्यावरचा हात काढला आणि आयाळीवर ठेवला. "मामा, पट्टा राहू दे तुम्हाला. मला हीच द्या."

"ती माझी आहे," मी म्हटलं. "माझ्या बापाच्या घरची."

सगळे जमिनीकडे बघायला लागले. तोलेगेन आजोबा खाकरले. "कुल्याश, पोरी, तू या घरची झालीस तशी तीही झाली. भाच्याला नाही कसं म्हणायचं?"

"मग त्याला पट्टा न्यायला सांगा, आजोबा! तोही या घरचाच आहे."

"मामानंच चारचौघांत पट्ट्याला भंगार ठरवलं. भाच्याला भंगार देतात होय?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. ते खाली वाकून पट्टा सोडत होते. जनावर देताना गळ्यातलं काढून ठेवायचं, म्हणजे घरची बरकत घरात राहते. बरोबर तेवढं मात्र ह्यांच्या ध्यानात राहिलं!

मेडेट घोडी घेऊन निघाला. मागून शिंगरू. चढावर तिनं मान वळवली आणि खिंकाळली, आणि मी सगळ्या पाहुण्यांदेखत रडले. रडले म्हणजे रडले, लाज कसली त्यात? पाहुण्यांनी मांस मात्र चाटूनपुसून खाल्लं.

सगळे गेल्यावर हे घरात आले. पट्टा खिळ्याला अडकवला, माझ्या आसपास घुटमळले. मग फोन पुढं केला.

"अगं, हे बघ. घोडी अजून घरीच दाखवतोय. खूण अगदी आपल्या दारावर."

मी दुधाची बादली उचलली आणि त्यांच्या हातात दिली.

"मग जा. दूध काढून आणा."