मामलेदाराचे टाके

आंबेनळीच्या रस्त्यावरून वर चढून गेलं की जी वाडी लागते, तिथल्या सगुणाबाईच्या कोंबड्याला सगळे मामलेदार म्हणत. तुरा फेट्यासारखा एका बाजूला कललेला, आणि चाल अशी, की जणू मागून दोन शिपाई दप्तर घेऊन येतायत. अकरा अंड्यांतून हा एकटाच निघाला, आणि आठवडा झाला नाही तोच त्याच्या आईला मुंगसाने नेलं. मग तो सगुणाबाईच्या ओच्यातच वाढला. तिचा मुलगा चंदन मुंबईला, मुलगी रंजिता सासरी, आणि नवरा नाथू दिवसाला मोजून दहा शब्द बोलणारा. त्यामुळे तिचं बोलणं असे ते मामलेदाराशी. तो मान वाकडी करून ऐके आणि मध्येच दाणा टिपायला निघून जाई. पण तेवढं माणसंही करतात.

फाल्गुनात एका सकाळी शेजारच्या मोरूच्या कुत्र्याने, वाघ्याने, त्याला धरलं. सगुणाबाई हातातलं सूप घेऊन धावली. सूप वाघ्याच्या पाठीत बसलं आणि तो कोंबडा टाकून पळाला, पण मामलेदाराच्या गळ्याखाली तोवर बोटभर भोक पडलं होतं. कोंबड्याने टिपलेलं धान्य जिथे साठतं ती गळ्याखालची पिशवीच फाटली होती. सकाळी खाल्लेली कणी एकेक करून बाहेर पडत होती आणि तो बिचारा ती पुन्हा टिपायला बघत होता.

मोरू आला. त्याला वाईट वाटलं, पण बोलला ते वाडीत कुणीही बोललं असतं तेच. धुगधुगी आहे तोवर मान मोडून घ्यावी, कालवण तरी होईल. आपोआप मेला तर कोण खाणार? त्याची बायको रंगूबाई वाटण वाटून द्यायला तयार होती. यात कुणाचा दुष्टपणा नव्हता, रीतच तशी होती. नाथूने सुरी आणून उंबऱ्यावर ठेवली, आणि त्यात एकही शब्द खर्च केला नाही.

सगुणाबाईने सुरी उचलली, ती दोरा कापायला.

वाडीतलं प्रत्येक पोर तिने शिवलेल्या गोधडीवर वाढलेलं. तिने सुई उकळत्या पाण्यात टाकली, हळद कालवली. पांढरं रीळ नेमकं संपलं होतं, म्हणून लाल ओवलं. रंगूबाईला पंख धरायला बसवलं. रंगूबाईने पंख धरले आणि तोंड भिंतीकडे केलं. सात टाके पडले. इतके सारखे, की मोरूसुद्धा वाकून बघून गेला आणि कालवणाचं नाव न काढता गेला.

चूक दुसऱ्या दिवशी कळली. चमच्याने पाजलेली नाचणीची पेज पोटात न जाता गळ्याशीच लिंबाएवढी फुगून बसली. सगुणाबाईने बोटाने चाचपलं आणि कपाळावर हात मारला. तिने वरचं कातडं शिवलं होतं. आतली पिशवी तशीच फाटकी. गोधडी करताना आधी आतले थर टाचायचे आणि वरचं लुगडं शेवटी, हे ती वाडीतल्या सुनांना ओरडून ओरडून शिकवायची, आणि स्वतः वरचंच लुगडं शिवून मोकळी झाली होती.

टाके उसवले, कोमट पाण्याने सगळं धुतलं. आधी पिशवी शिवली, बारीक टाक्यांनी, मग कातडं. पहिल्या दिवशी मामलेदाराने तिच्या हातावर नख मारलं होतं. आज तो गप्प पडून राहिला. तिला भीती वाटली ती त्या गप्प राहण्याची.

चुलीच्या उबेला टोपली ठेवून त्यात चंदनचं जुनं बनियन अंथरलं. दोन दिवस ती चमचा चमचा ताक, पातळ पेज देत राहिली. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याची मान टोपलीच्या काठावर लोंबली, तुरा राखेसारखा झाला. सगुणाबाईने चमचा खाली ठेवला, टेकाडावरच्या वाघजाईच्या देवळाकडे तोंड केलं आणि हात जोडले.

"आई, एवढ्याला उठव. तुला कोंबडा देईन."

गाय अडली तरी ती हेच बोलायची, चंदनच्या दहावीलाही हेच बोलली होती. जिभेला वळण पडलेलं.

संध्याकाळी मामलेदाराने दोन घोट ताक आपणहून घेतलं. मग टोपलीपाशी वाकलेल्या नाथूच्या बोटाला चोच मारली. रंगूबाई दारात होती, तिनेही हात जोडले.

"पावली गो वाघजाई," ती म्हणाली. मग जरा थांबली. "पन सगुणाबाय, कोंबडा कुठचा देनार?"

सगुणाबाईच्या खुराड्यात चार कोंबड्या होत्या. कोंबडा एकच होता, आणि तो समोर टोपलीत बसून ताक पीत होता. विकतचा आणून नवस फेडायची वाडीत पद्धत नव्हती. देवीला घरच्या दाण्यावर वाढलेलाच लागे.

पुढचे आठ दिवस वाडीला दुसरा विषय नव्हता. मोरू तर येता-जाता डोकावायचा. "वयनी, मेला असता त वाचला असता," असं म्हणून तो एवढा हसला, की सगुणाबाईने त्याच्यावर पुन्हा सूप उगारलं. हसू तिलाही येत होतं, पण पुरतं येत नव्हतं. चैत्रातली जत्रा महिन्यावर आली होती. बोललेला नवस बुडवणारी ती बाई नव्हती, आणि मामलेदार रोज थोडा थोडा जास्त जेवत होता. त्याने पाव मूठ कणी संपवली की तिला आनंद व्हायचा, आणि लगेच ती जत्रेला उरलेले दिवस बोटांवर मोजायची.

नाथू मात्र रोज शेतावरून येताना सागाच्या पानात वाळवी, कोंबड्यांचा आवडता खाऊ, घेऊन येऊ लागला आणि टोपलीपाशी ठेवू लागला. पहिल्या दिवशी तिने नुसतं बघितलं, तर म्हणाला, "वाटेत व्हती."

जत्रेच्या दिवशी तिने मामलेदाराचे पाय धुतले आणि त्याला काखेत घेऊन देवळाची वाट धरली. वाटेत तो इकडेतिकडे बघत होता, तालुक्याच्या पाहणीला निघाल्यासारखा. ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. देवळापुढे भिकू गुरव एकेक कोंबडा तपासून घेत होता. त्याने मामलेदाराचा तुरा पाहिला, डोळे पाहिले, नखं पाहिली.

"झ्याक हाय," म्हणाला आणि हात पुढे केले.

सगुणाबाईचे हात काही सुटेनात. तेवढ्यात पुरुषमंडळींतून नाथू उठून पुढे आला. त्याने मामलेदाराच्या गळ्याखालची पिसं दोन बोटांनी बाजूला केली. खाली लाल दोरा चमकला.

"ह्ये बघ, भिकू. शिवलेला हाय. देवीला खोट असलेला कोंबडा कसा चालंल?"

एवढं लांब तो लग्नातसुद्धा बोलला नव्हता. भिकूने वाकून पाहिलं आणि मान हलवली. खोट असलेलं जनावर देवीला चालत नाही, हे पोरालाही ठाऊक. सगुणाबाईचा जीव भांड्यात पडायला हवा होता. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"खोट कसली? आधी शिलाई बघा."

सगळं आवार हसलं. नाथूने तिच्याकडे असं पाहिलं, की तिने तोंड मिटलं. संसारात पहिल्यांदाच.

आता नवस राहिला. नाथू तसाच उभा होता. "ज्या घरच्या कुत्र्यानं ही खोट पाडली, त्या घरचा कोंबडा देवीला चालतो का, ते इचार," तो म्हणाला. भिकूने देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओले तांदूळ चिकटवून कौल लावला. उजवीकडचे पडले तर देवीचा होकार. उजवीकडचे लगेच पडले. भिकूने फुंकर मारली, असं मोरूचं आजही म्हणणं आहे, पण ते तो देवीसमोर बोलू शकत नव्हता. तो गुमान घरी गेला आणि आपला तांबडा घेऊन आला. वर हसलाही; महिनाभर वयनीला हसलो त्याची फेड, म्हणाला.

संध्याकाळी रंगूबाईने प्रसादाचं कालवण वाटीभर आणून दिलं. वाटण तिने मन लावून केलं होतं. नाथूने दोन भाकऱ्या खाल्ल्या. सगुणाबाईने रस्सा घेतला, फोड घेतली नाही. उंबऱ्यावर मामलेदार आरवला. त्या दुखण्यापासून त्याची बांग मध्येच अडकायची, घाटात एसटीने गियर बदलावा तशी, आणि मग खरखरत वर चढायची. ती ऐकली की वाघ्या पडवीवरून उठून घरामागे जायचा.

"आता काढ ते टाके," नाथू म्हणाला. "घाव भरलाय कवाच."

सगुणाबाईने पिसं बाजूला करून लाल दोऱ्याकडे पाहिलं, आणि पिसं पुन्हा नीट बसवली.

"ऱ्हाऊ द्यात. माज्या जिभेचा काय भरवसा?"

नाथूने पानातली उरलेली वाळवी मामलेदारापुढे झटकली.