माझ्या शेंड्यावरचा तारा उतरवा

मी नाताळचा तारा टांगायची काठी नाही. हे आधी ऐकून घ्या, मग पुढचं सांगतो. मी दोन हातांनी धरायचा मासेमारीचा रॉड आहे, नदीसाठी जन्मलेला. आणि गेल्या नाताळात माझ्या शेंड्याला कागदी तारा बांधला होता, आत जळता बल्ब! राग येणार नाही तर काय होणार?

माझा जन्म दूरदेशीच्या कारखान्यातला. काळंभोर अंग, बुचाच्या दोन मुठी, एक वर आणि एक खाली. माझ्या गळाला कोळंबी लावत नाहीत, पिसांची खोटी माशी बांधतात. ती फुंकरीने उडेल इतकी हलकी. तिला लांब न्यायचं काम जाड दोरा करतो, आणि दोऱ्याला उडवायचं काम माझं.

एका बंदरातल्या दुकानात मी उभा होतो. तिथे मॅक्सवेल आला. मालवणकडचा पोरगा, बोटीवर स्वयंपाकघरात कामाला. म्हणाला, "सगळ्यात लांब दाखवा." दुकानदाराने उलट त्यालाच विचारलं, नदी केवढी, काठावर झाडं किती, आणि रॉड धरणार कोण?

तेव्हा पोराने बापाचं सांगितलं. रोझारियो नाव. जन्मभर गड नदीत पाग फेकला, म्हणजे ते गोल जाळं, खांद्याच्या झोकाने फेकायचं. एकदा होडी ओढताना उजवा खांदा निखळला, मग पुन्हा निखळला. कणकवलीचे डॉक्टर म्हणाले, "पाग विसरा आता."

दुकानदाराने लांब रॉड बाजूला ठेवले आणि मला पुढे केलं. "दुखऱ्या खांद्याला फार लांब रॉड जड होतो. हा घे. डावा हात वर, उजवा खाली पोटाशी. खालच्याने नुसतं ओढायचं, उजवा खांदा उचलायलाच नको. दोरा पाण्यावरूनच पुढे जातो, मागे माड असले तरी अडत नाही."

मॅक्सवेलने तिथल्या तिथे उजवा हात पोटाशी धरून बघितला. एकदा नाही, चारदा. मला तो पोरगा आवडला होता, खोटं कशाला सांगू?

पण दुकानातलं शहाणपण घराच्या उंबऱ्याशी संपलं. त्याची आई फेलिसिदाद बाहेर आली, मला बघितलं आणि पोराला कोपऱ्यात घेतलं. "बापाशीच्या हातात दिलंस तर बघ! खांदो परत उतारलो तर कणकवलेक कोण नेतलो? तू जातलंस बोटीर!"

मॅक्सवेल ढिला पडला. बापाने विचारलं तर म्हणाला, "माजो आसा, पपा. असोच घेतलंय." आणि मला व्हरांड्यात भिंतीला टेकवलं.

भिंतीला टेकून उभं राहिलं की घराचं सगळं कळतं. रोझारियोला कोणी बादली उचलू देत नसे, नारळ सोलू देत नसे. "तुमी बसा." बसून बसून तो माणूस आंबला होता, घरात दिसेल त्याला एकच शिवी घालायचा. भात मऊ झाला, "शिरा पडो!" मांजर आडवं गेलं, "शिरा पडो तुज्या तोंडार!" शेजारची तुळसा कुंपणावरून म्हणायची, "फेलीबाय, तुज्या घोवाचो आवाज ऐकान माजी कोंबी अंडी घालूची थांबली गो."

माणसांची ही खोड मला कळत नाही. ज्याला जपायचं, त्यालाच आधी सामानासारखं भिंतीला लावून ठेवतात. आम्ही दोघे समोरासमोर होतो, तो खुर्चीत, मी भिंतीला. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो, "अरे, मी तुझा आहे!"

नाताळ आला. ताऱ्याचा बांबू वाळवीने खाल्लेला. मॅक्सवेलने इकडेतिकडे बघितलं, आणि त्याची नजर माझ्यावर पडली. शेंड्याला वायर आवळली, तारा टांगला, मला गच्चीच्या कठड्याला बांधलं. खाडीवरचा वारा सुटला की मी कमरेत वाकायचो. मासा ओढतो तेव्हा वाकण्यासाठी माझं अंग घडवलंय हो, कागदी ताऱ्यासाठी नाही!

तुळसा आलीच. "ह्या काय गो? अँटिना?"

"रॉड तो. मॅक्सान बापाशीसाठी हाडललो," फेलिसिदाद बोलून गेली, आणि तिने जीभ चावली.

"मगे बापूस खुर्चेर, आणि रॉडार चांदणी?"

खुर्ची करकरली. रोझारियो उठला होता. "शिरा पडो तुमच्या तोंडार! माजो रॉड, आणि माकाच सांगूक नाय?"

तो सरळ गच्चीवर आला. डाव्या हाताने एकेक वेढा सोडवला. फेलिसिदाद खालून ओरडत होती, "खांदो! अहो, खांदो!" मॅक्सवेल मान खाली घालून दोऱ्याचं रीळ घेऊन आला. "पपा, डावो हात वर. उजवो पोटाकडे."

सगळी वरात नदीवर. पहिल्या फेकीत दोरा रोझारियोच्याच गळ्यात पडला. दुसऱ्या फेकीत माशी फेलिसिदादच्या गाऊनला अडकली. तुळसा पोट धरून हसत होती. मग एकदा त्याने उजवा हात पोटाशी खेचला, खांदा जागचा हलला नाही, आणि दोरा माडांच्या सावलीतून सुटून मधल्या पाण्यावर अलगद पडला.

गळाला लागली ती तांबोशी, लाल अंगाची दांडगी मासळी. तिने ओढलं, मी बुचापर्यंत वाकलो, जन्मात पहिल्यांदा. आणि गळ सुटला.

फेलिसिदादने डोळे मिटले, आता काय ऐकायला मिळणार म्हणून.

"शिरा पडो तुज्या तोंडार, तांबोशे!" रोझारियो नदीवर ओरडला.

"देवा, पावलंस," फेलिसिदाद म्हणाली. "माशाक शिवी घातल्यान."

हल्ली मी रोज ओला होतो. तरी शेंड्यावर त्या वायरीचा ओरखडा आहे, आणि राग मुळीच गेलेला नाही. ज्याच्यासाठी वस्तू आणता, त्याच्या हातात द्या. फार तर माशी गाऊनला अडकेल.

आणि नाताळ परत येतोय. बांबू आत्ताच तोडून ठेवा, सांगून ठेवतो.