भावनाच्या नावानं

भावनाने माउसवरचा हात उचलला आणि पडद्यावरचं नाव पुन्हा वाचलं. 'सिस्टिम हेल्पर'. कम्प्युटर लावल्याबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रामांमध्ये ते सगळ्यात खाली होतं. बाकीची नावं ओळखीची होती, प्रिंटरचं, मराठी टायपिंगचं, व्हायरस पकडणाऱ्याचं. हे कुणी टाकलं, तिला आठवेना.

कम्प्युटर कधीचा रखडत होता. आठवीची विज्ञानाची प्रश्नपत्रिका उघडली तरी आतला पंखा घरघरायला लागे. परवा शाळेत सायबर सुरक्षेचं प्रशिक्षण झालं, तेव्हा शिकवायला आलेल्या बाई म्हणाल्या होत्या, अनोळखी प्रोग्राम दिसला तर लगेच काढू नका, आधी तो काय करतो ते पाहा. काही प्रोग्राम तुमच्या पडद्याचे फोटो काढून दुसऱ्याला पाठवत असतात. नवरेच टाकतात बायकांच्या कम्प्युटरवर, असं त्या म्हणाल्या तेव्हा मागच्या बाकांवर हशा पिकला. भावनाही हसली होती. तिला नवरा नव्हता.

रविवारची दुपार होती. धाकटा भाऊ अश्विन आणि त्याची बायको आकांक्षा नात्यातल्या एका साक्षगंधासाठी, म्हणजे साखरपुड्यासाठी, पातूरला गेले होते. बाहेरच्या खोलीत आई, पंचफुलाबाई, डोळे मिटून पडल्या होत्या. अर्धांगवायूने डावं अंग गेल्यापासून त्यांचं सगळं अंथरुणातच होतं, आणि ते सगळं भावनाच करत होती. शाळेच्या वेळात तेवढी एक बाई येई.

तिने प्रोग्रामचं फोल्डर शोधून उघडलं. आत फोटोच फोटो. तिनेच उघडलेली पानं, विजेचं बिल, गुणपत्रकं, गुडघेदुखीवरचे उपाय. फोटो कोणत्या पत्त्यावर जातात तेही सेटिंगमध्ये लिहिलेलं होतं. पत्ता अश्विनचा होता.

भावनाने चष्मा काढला, ओढणीने पुसला, पुन्हा लावला.

आधी तिने त्याची बाजू घेतली. अश्विनला फसवणुकीची भीती फार. नातेवाइकांच्या ग्रुपवर रोज सकाळी त्याचा एक इशारा ठरलेला असे, ही लिंक उघडू नका, या नंबराचा फोन घेऊ नका. आपल्यासाठीच टाकलं असेल, तिला वाटलं. मग तिचा हात मागच्या वर्षीच्या फोटोंकडे गेला.

मागच्या वर्षी योगेश वानखडे होता. अकोल्याला बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. लग्नाच्या साइटवर ओळख झाली. वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी भावना रोज संध्याकाळी केस नीट बांधून कम्प्युटरसमोर बसू लागली होती. कपाशीचं बी उगवतं की नाही हे ओल्या कागदात गुंडाळून कसं पाहतात, ते त्याने तिला लिहून कळवलं होतं. तिने ते वर्गात करून दाखवलं. एका रविवारी तो अकोल्याहून राजापेठेतल्या तिच्या घरी येणार होता. घरी तिने सांगितलं तेव्हा अश्विन जेवताना थांबला होता.

"ताई, फोटो खरा हाय कशावरून? आता गोड बोलीन, मंग पैसे मांगीन. असेच असतात हे."

त्याने पैसे मागितले नाहीत. तो आलाही नाही. तिने साइट उघडली तर त्याचं नावच दिसेना.

"पाह्य, प्रोफाइलच उडवली त्यानं," अश्विन म्हणाला होता. "तुह्यासारख्या बायाच हेरतात हे लोक. वाचलो आपण."

आकांक्षाने तिला जवळ घेतलं होतं. भावनाने शाळेत कुणाला सांगितलं नाही. 'तुह्यासारख्या बाया' हे शब्द मात्र तिच्यासोबत राहिले.

आता तो आठवडा तिच्यासमोर होता. गुरुवार, दुपारची वेळ. ती वेळ तिच्या तासाची होती, म्हणजे घरच्या कम्प्युटरवर ती नव्हती. फोटोत मात्र तिचंच खातं उघडलेलं होतं आणि योगेशला उत्तर लिहिणं चाललं होतं. पुढच्या फोटोत ते पूर्ण झालं होतं.

'बरं, एक सांगायचं होतं. तुम्ही रविवारी येऊ नका. मला लग्न करायचं नाही, घरच्यांच्या आग्रहामुळे बोलत होते. पुन्हा संपर्क करू नका. भावना.'

तिच्या प्रत्येक निरोपाची सुरुवात 'बरं'ने व्हायची. अश्विनने तेवढंही बघून ठेवलं होतं. फक्त प्रोग्राम माणूस ओळखत नाही हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. तिच्यावर ठेवलेली नजर त्या दुपारी त्याच्यावरही राहिली होती.

त्याखालच्या फोटोत योगेशचं उत्तर होतं.

'ठीक आहे. स्पष्ट सांगितलंत, बरं झालं. आईंना माझा जयभीम सांगा.'

तिने साइट उघडली. तिने कधी कुणाला ब्लॉक केलं नव्हतं, तरी ब्लॉक केलेल्या माणसांत एक नाव होतं, योगेशचं. ते तिने मोकळं केलं तसा त्याचा फोटो परत आला, तोच निळा शर्ट, तेच थोडं वाकडं हसू. खाली हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं, 'विवाह जुळला'.

कम्प्युटरचा पंखा घरघरत राहिला. भावना उठली, मोरीत जाऊन तोंड धुतलं, आणि बाहेरच्या खोलीत येऊन आईच्या पायाशी बसली. पंचफुलाबाईंनी डोळे उघडले.

"माय, योगेशनं तुले जयभीम सांगतला होता."

कोण योगेश, असं पंचफुलाबाईंनी विचारलं नाही. त्यांनी उजव्या हाताने चादर छातीपर्यंत ओढली.

"तुले मालूम होतं," भावना म्हणाली.

पंचफुलाबाईंनी नजर छताकडे वळवली. बोलताना त्यांचं तोंड एका बाजूला ओढलं जाई.

"अश्विननं इचारलं होतं मले. म्हणे, ताई गेली त तुले कोन पाहीन? आकांक्षा त नाई म्हणते. म्या म्हटलं, कर बाबा, तुले बरं वाटीन तसं."

"मले काहून नाई इचारलं?"

"तू गेली असती."

भावनाने आईच्या पायावरून सरकलेली चादर सारखी केली.

"मानूस चांगला होता का?" पंचफुलाबाईंनी विचारलं.

"हाव."

"मले वाटलंच. खोटा असता त अश्विन एवढा भेला नसता."

ऊन खिडकीतून उतरून फरशीवर आलं तेव्हा बाहेर गाडी थांबली. अश्विन आत आला. साक्षगंधात वाटलेल्या पेढ्यांचा डबा त्याने टेबलावर ठेवला. आकांक्षा दारातच चपला काढत होती.

"कम्प्युटर दुरुस्त झाला का, ताई?"

"हाव. सापडला व्हायरस."

"बरं झालं. काढून टाकला?"

"नाई. पाहून ये तू. उघडाच ठेवला हाय."

अश्विन आतल्या खोलीत गेला. खुर्ची सरकल्याचा आवाज आला नाही. तो उभाच असावा. आकांक्षा एक चप्पल हातात घेऊन आतल्या दाराकडे बघत राहिली. तो बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"ताई, तुह्या भल्यासाठी..."

"हात धुऊन ये," भावना म्हणाली.

त्याला कळलं नाही. ती आईच्या पाठीमागे एक उशी लावत होती.

"मायची कूस बदलाची येळ झाली. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली. आज मी दाखवते, उद्यापासून तू करशीन. आकांक्षा, तूही ये. मायचे केस कसे इंचरायचे ते पाहून घे."

पंचफुलाबाईंनी डोळे मिटून घेतले. अश्विन मोरीकडे गेला. नळाचं पाणी बराच वेळ वाहत राहिलं. भावना त्याच्यासाठी थांबली होती.