बिनवासाचा गोंद

फर्निचर कारखान्याच्या प्रयोगशाळेतल्या बाईंनी सोयाबीनचं पीठ आणि पाणी यांतून लाकूड जोडायचा गोंद तयार केला. जोडलेल्या फळ्या त्यांनी उकळत्या पाण्यात टाकल्या, वाळवल्या, मग यंत्रात धरून ओढल्या. लाकूड फाटलं, जोड काही सुटला नाही. जुन्या गोंदाने डोळे चुरचुरायचे, घसा धरायचा; इथे तसलं काहीच नव्हतं. बाईंना आकाश ठेंगणं झालं.

बैठकीत विक्रीप्रमुखांनी डबा नाकाशी धरला आणि तोंड वाकडं केलं.

"याला वासच नाही."

"त्यासाठीच तर इतकी वर्षं खपले."

"अहो बाई, कपाटाचं दार उघडल्यावर डोळ्यांत टचकन पाणी आलं नाही, तर गिऱ्हाईकाला ते नवं वाटेल का?"

मालकांनी गंभीरपणे मान डोलावली. ठराव झाला: जुन्या गोंदासारखा झोंबणारा, पण अपाय न करणारा वास बाईंनी शोधून काढावा.

"पसंत पडला का गोंद?" घरी नवऱ्याने विचारलं.

"पडला ना. आता तो नासवायचं काम मलाच दिलंय."

पुढच्या आठवड्यात मालकांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"मला नात झालीय. तिचा पाळणा तुमच्या गोंदाने करून द्या." मग आवाज आणखी खाली आणून म्हणाले, "वास मात्र घालू नका."

बाईंनी बरं म्हटलं. तिथून त्या तडक सुतारांकडे गेल्या. शेजारीच विक्रीप्रमुख दुकानदारांना माल दाखवत होते. बाईंनी आवाज चांगलाच चढवला.

"मालकांच्या नातीचा पाळणा आहे. जुना गोंद चालणार नाही, नवा बिनवासाचाच लावा."

दुकानदारांनी कान टवकारले. "मग आम्हाला जुन्या गोंदाचा माल कशाला गळ्यात मारताय?" एकाने विचारलं. दुपारपर्यंत सगळ्यांनी मालकांच्या घरचाच गोंद मागितला होता.

वासाचा ठराव कोणी रद्द केला नाही. त्याचं नावच कोणी काढेनासं झालं. पुढे प्रदर्शनात विक्रीप्रमुखांनी छातीवर हात ठेवून भाषण केलं. जुन्या गोंदाचा वास आपल्याला पहिल्यापासूनच सोसत नव्हता, म्हणून आपण बाईंच्या मागे लागलो, असं त्यांनी सांगितलं.

बाई मागच्या रांगेत होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या, कारण बाहेर पाळणे हातोहात खपत होते.