हायड्रोजन तयार करणारी बादली

मित्रांनो, या विश्वात सर्वांत जास्त काही असेल तर तो हायड्रोजन. सूर्य त्याच्याच जिवावर तळपतो. तो हायड्रोजन मी स्वतः, कोणाचीही मदत न घेता तयार केलेला आहे. मी बल्गेरियातल्या एका खेड्यातली, जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी बादली.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी चांदीसारखी चमकत होते. वीस वर्षं गांचो आजोबांच्या विहिरीचं पाणी वाहिलं. मी कधी कुरकुरले नाही. कडी तेवढी कुरकुरायची. मग घरात नळ आला आणि माझी रवानगी तळघरात, कोबीच्या पिंपाशेजारी झाली.

हिवाळाभर आमचं घर त्या पिंपावर जगतं. चाळीस गड्डे मिठाच्या पाण्यात आंबत असतात. दर दोन दिवसांनी ते पाणी खालच्या तोटीतून काढायचं आणि वरून परत ओतायचं. आजोबा मात्र ते दिवसभर माझ्यातच ठेवत. "जरा हवा खाऊ दे त्याला," म्हणत.

पाणी हवा नव्हे, मला खात होतं. माझ्या अंगावर बारीक बुडबुडे धरू लागले.

"बघ, कसं जिवंत आहे!" आजोबा सुनेला म्हणाले. सून रुमेना शाळेत रसायनशास्त्र शिकवायची.

"बाबा, हे आंबणं नव्हे. कोबीचं पाणी आम्ल झालंय, ते बादलीचं जस्त खातंय. हे बुडबुडे हायड्रोजनचे. तो उडून जाईल, पण जस्त पाण्यात उतरतंय. पिंपात ओतू नका, अख्खा कोबी नासेल!"

"हायड्रोजन तुझ्या शाळेत, सूनबाई. माझ्या तळघरात कोबी असतो."

आणि ओतलं. महिनाभर ओतलं.

डिसेंबरात संत निकोलसच्या सणाला शेजारचा तोत्यू आला. आमच्याकडे आवडीने पितात त्या कोबीच्या पाण्याचा एक घोट घेऊन त्याने तोंड वाकडं केलं.

"गांचो, यात खिळे घातलेस का रे?"

"तुझ्याच जिभेला गंज चढलाय. पी मुकाट्याने!"

दोघं दोन-दोन पेले प्यायले. तासाभरात दोघं अंगणात ओणवे होऊन ओकत होते. माणसं वाचली, पिंप वाचलं नाही. रुमेनाने चाळीस गड्डे खड्ड्यात पुरले. त्या हिवाळ्यात घराने बटाटे खाल्ले, आणि त्यांचा कंटाळा आला की पुन्हा बटाटे.

दोष कोणाला? मला. "बादलीच करंटी!" म्हणत आजोबांनी मला कोंबड्यांच्या खुराड्यामागे भिरकावलं. जस्त गेलं, लोखंड उघडं पडलं, आता बूड गंजतंय. रुमेनाने पिंपासाठी प्लास्टिकची बादली आणली. आजोबा तिच्यात पाय शेकतात. पिंपापाशी त्यांनी बाजारातून नवी बादली आणून ठेवली आहे. जस्ताचीच. "ही बघ कशी चकाकते!"

मित्रांनो, आंबट काही धातूच्या भांड्यात ठेवण्याआधी जाणत्या माणसाचं ऐका. एवढं जमणार नसेल तर राहू दे. मला फक्त पालथी घाला. बर्फाचं पाणी साचतंय.