आठ इंचांवरची लेक

मी शिंप्याच्या गळ्यातली टेप. पिवळी, साठ इंचांची, दोन्ही टोकांना पितळी पट्टी. दुकान उघडलं की मालक आधी मला गळ्यात घालतात आणि मग चष्मा शोधत बसतात. माप देताना माणसं पोट आत ओढून घेतात. मालक काही बोलत नाहीत, फक्त थांबतात. श्वास सुटला की आकडा लिहितात.

त्यांच्या थोरल्या लेकीला मी दरवर्षी मापलं. गणवेशाची उंची वाढत गेली आणि एक दिवस तिला फार दूरच्या देशात नोकरी लागली. विमान थेट होतं, पंधरा तासांचं.

मालकांनी भिंतीवरच्या नकाशावर मला आपल्या गावापासून तिच्या गावापर्यंत सरळ ताणलं आणि नकाशावरच्या प्रमाणाने गुणाकार केला. अठरा हजार किलोमीटर! तिकीटवाल्याने तर बारा हजार आठशे सांगितले होते.

"मापात खोट आहे," मालक म्हणाले. "एवढ्या कापडात एवढा सदरा बसत नाही. पंधरा तासांत पोचेलच कसं? मधेच कुठेतरी उतरवतील पोरीला. मी नाही पाठवणार."

"अहो, चार दिवसांवर जाणं आलंय तिचं!" मालकीणबाई म्हणाल्या. "त्या तिकीटवाल्याला तरी विचारा."

"त्यानेच तर माप चुकवलंय!"

थोरली भरलेल्या बॅगेतले कपडे एकेक करून बाहेर काढू लागली.

धाकटी, जी पाहुणे आले की दाराआड उभी राहते, शाळेत बक्षीस मिळालेला पृथ्वीगोल घेऊन आली. हळूच म्हणाली, "बाबा, पोट सुटलेल्या माणसाचं माप तुम्ही त्याच्या फोटोवरून घेता का?"

"वेडी की काय! टेप पोटावरून फिरवावी लागते."

"मग पृथ्वीलाही पोट आहे, बाबा."

मालकांनी गोलावर आपल्या गावावर माझं टोक धरलं आणि मला तिच्या गावापर्यंत घट्ट ओढलं. मी आपसूक वर सरकले, बर्फाच्या प्रदेशावरून गेले. आठ इंच. गोलावर लिहिलं होतं, एक इंच म्हणजे सोळाशे किलोमीटर.

मालकांनी दोनदा गुणाकार केला. दोन्ही वेळा बारा हजार आठशे. मग थोरलीकडे न बघता म्हणाले, "ते कपडे नीट घडी घालून ठेव. चुरगळतील."

ती गेली. तेव्हापासून मालक रोज चहा पिऊन झाला की तेच अंतर मोजतात. रोजच्या ओढाताणीने मी सैल पडले. सैल टेपचे इंच लांबतात, म्हणून ती माप कमी दाखवते. कापड मालक लाकडी पट्टीने आखतात, त्यामुळे तीन गिऱ्हाइकांचे शर्ट आखूड झाले, तेव्हा मालकांनी नवी टेप आणली.

"ही जुनी टाकून देऊ?" मालकीणबाईंनी विचारलं.

मालकांनी नव्या टेपने गोल मोजला. आठ इंच. मग मला लावून मोजला. पावणेआठ.

"राहू दे," ते म्हणाले. "हिच्या मापाने पोरगी चारशे किलोमीटर जवळ आहे."

आता मी त्या गोलावरच असते. माझं माप खोटं आहे, हे मला कळतं आणि मालकांनाही. तुम्ही मात्र त्यांना काही बोलू नका.