घरच्यांसाठी जोरदार

सगळे ज्याला सॅम्पल म्हणायचे तो भाषणाच्या सुरुवातीला गोळ्यांचं एक खोकं उघडायचा. आतला घडी घातलेला कागद काढायचा, पहिल्या रांगेतल्या कोणाला तरी त्याचं टोक धरायला लावायचा आणि तो उलगडत मागे मागे जायचा. कागद लांबच लांब, अक्षर मुंगीएवढं.

"या एवढ्याशा गोळीनं हे सगळं होऊ शकतं," तो म्हणायचा. "चक्कर, मळमळ, यकृत, मूत्रपिंड. आणि सगळ्यात खाली, चष्मा लावलात तर दिसेल, मृत्यू."

मग काचेची बरणी उचलायचा. आत झाडपाल्याची तपकिरी पावडर. "याच्याबरोबर कागद येत नाही. इथे लपवायचंच काही नाही."

लोक टाळ्या वाजवायचे. जिनं आपले दोष लिहून दिले ती गोळी लबाड आणि जिनं एक अक्षर लिहिलं नाही ती पावडर प्रामाणिक, हा हिशेब शिकल्यासवरल्या माणसांच्या गळी कसा उतरतो, याचं मागच्या खुर्चीत बसलेल्या त्याच्या वहिनीला दर वेळी नवल वाटायचं. पण ती गप्प राहायची. ती औषधांचं दुकान चालवायची. त्या सभागृहात तिच्या शब्दाला बरणीच्या झाकणाइतकीही किंमत नव्हती.

सॅम्पल तिचा धाकटा दीर. तो औषध कंपनीचा प्रतिनिधी होता. डॉक्टरांच्या दारात बॅग घेऊन ताटकळायचा, आणि घरात कोणी शिंकलं तरी बॅगेतून फुकटचा नमुना काढायचा, म्हणून हे नाव पडलं. भाऊबंद, शेजारी, सासरची माणसं, कोणालाही त्याचं खरं नाव चटकन आठवत नसे.

त्याच बॅगेतून त्यानं सख्ख्या भावाला, म्हणजे वहिनीच्या नवऱ्याला, पाठदुखीची नवी गोळी आणून दिली होती. नवरा काउंटरमागे हिशेब सांगता सांगता खाली बसला तो उठलाच नाही. हृदय बंद पडलं. पुढे बाहेर आलं की ही गोळी हृदयावर घाव घालते हे कंपनीला आधीपासून माहीत होतं. चाचण्यांचे कागद कपाटात नीट ठेवलेले होते. कंपनीनं गोळी मागे घेतली आणि 'रुग्णांची सुरक्षितता आमच्यासाठी सर्वोच्च आहे' असं पत्रक काढलं. चूक झाली असं त्या पत्रकात कुठेही नव्हतं.

त्याच आठवड्यात सॅम्पलनं नोकरीला लाथ मारली. हे त्याच्या जमेच्या बाजूला मांडलंच पाहिजे. साहेबाच्या टेबलावर बॅग आपटून तो चालता झाला होता. नावेच्या बाजूला एवढंच की वर्षभरात त्यानं दुसरी बॅग घेतली. आतला माल बदलला. दारात उभं राहायची रीत, डोळ्यांत डोळे घालून बोलणं, "मी माझ्या घरच्यांनाही हेच देतो" हे वाक्य, सगळं तेच राहिलं.

आणि घरच्यांना तो खरंच देत होता. घरचं माणूस म्हणजे अक्का, सगळ्यांत थोरली बहीण. अक्काचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं. पँटची उंची कमी करणं, कोटाला नवं अस्तर लावणं, झिप बदलणं. पण बोटांचे सांधे सुजून असे आखडले की कात्रीच्या कड्यांत बोटं जाईनात. डॉक्टरनं लिहून दिलेल्या गोळ्या तिनं कचऱ्यात टाकल्या. "एक भाऊ गोळीनं गेला," ती म्हणाली. "आता मी काय रांगेत उभी राहू?"

वहिनीला तर राग दुप्पट होता. ज्यांनी तिचा नवरा नेला त्यांनी जाता जाता तिच्या तोंडचं खरंही खोटं करून ठेवलं होतं.

सॅम्पलच्या पावडरनं चमत्कार केला. पंधरवड्यात अक्काची बोटं वळायला लागली. ती कात्री चालवू लागली, मशीनवर बसू लागली, सॅम्पलच्या सभांना जाऊन दोन्ही हातांच्या मुठी उघडमीट करून दाखवू लागली. वर्ष सरता सरता तिचा चेहरा गोल गरगरीत झाला. लोक म्हणाले, काय तेज आलंय. तिला सारखी भूक लागायची. लोक म्हणाले, तब्येत सुधारली. मशीनचा कोपरा लागला तरी हातावर जांभळा डाग उठायचा. त्यावर कोणी काही म्हणालं नाही, कारण अक्का लांब बाह्यांचं झंपर घालायची.

वहिनीनं तो चेहरा काउंटरपलीकडून खूपदा पाहिला होता. स्टेरॉइड फार दिवस घेतलेल्या माणसाचा चेहरा असाच चंद्रासारखा होतो. तिनं अक्काला दोनदा सांगितलं, पावडर तपासून घेऊ या. अक्का हसली. "तुझ्या गोळ्या खपत नाहीत म्हणून तुझ्या पोटात दुखतंय."

मग सॅम्पलनं शुद्धी शिबिर जाहीर केलं. सात दिवस फक्त फळांचा रस आणि पाणी. बाकी सगळं बंद, पावडरसुद्धा. शरीराला मोकळा श्वास. पहिलं नाव अक्काचं.

शिबिराला दोन दिवस उरले असताना वहिनी दुपारीच दुकान मुलीवर सोपवून अक्काकडे गेली. अक्का एका कोटाचं अस्तर उसवत होती.

"अक्का, शिबिराला जाऊ नका. आणि पावडर बंद करू नका."

अक्कानं चष्म्यावरून पाहिलं. "आजवर पावडरीवर संशय घेऊन माझं डोकं खाल्लंस. आता सोडतेय तर घ्या म्हणतेस. तुला झालंय तरी काय?"

"माझा अंदाज खरा असला तर त्यात स्टेरॉइड आहे. ते बाहेरून मिळतंय म्हटल्यावर शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं. एकदम बंद केलंत तर अंगात काहीच उरत नाही. उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, माणूस जागच्या जागी आडवा होतो. ते डॉक्टरच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवावं लागतं."

"अंदाज," अक्का म्हणाली. "कंपनीवालेसुद्धा आधी अंदाजच सांगतात, नाही का?"

तेवढ्यात सॅम्पल आला. हातात शिबिराचा फलक, चेहऱ्यावर सभेतलं हसू. वहिनीला बघून हसू थोडं आकसलं.

"भावजी, एकच विचारते. पावडर कोण बनवतं?"

"शहराबाहेर एक कारखाना आहे. शुद्ध मुळ्या, साली. मी स्वतः बघून आलोय."

"मुळ्या कुटताना बघितल्यात?"

"पोती बघितली." त्यानं फलक भिंतीला टेकवला. "वहिनी, उगाच संशय नको. चांगला माणूस आहे. पहिल्याच दिवशी त्यानं उघड सांगितलं, दोन प्रकार आहेत, साधी आणि जोरदार. साधीनं फरक पडायला वेळ लागतो, गिऱ्हाईक कंटाळतं. म्हणून मी जोरदार घेतो."

"आणि अक्काला?"

"अक्काला तर जोरदारच. घरच्यांना काय साधी द्यायची?"

बोलून झाल्यावर तो स्वतःच थांबला. अक्काची कात्रीही थांबली.

"जोरदारमध्ये जास्त काय असतं?" अक्कानं विचारलं.

"ते... अर्क असतो."

"कशाचा?"

"आता अक्का, माल घेताना एवढं कोणी विचारत नाही."

"तुझ्या कंपनीतही नव्हतास विचारत," अक्का म्हणाली. "आता विचार. माझ्यासमोर. आवाज मोठा ठेव."

सॅम्पलनं कारखानेवाल्याला फोन लावला. आधी हवापाण्याच्या गप्पा, पुढची ऑर्डर, मग आडून आडून प्रश्न. पलीकडचा माणूस खळखळून हसला.

"साहेब, आठ दिवसांत फरक पाहिजे असं तुम्हीच म्हणाला होतात. मुळीनं होतो का आठ दिवसांत फरक? थोडा स्टेरॉइडचा आधार द्यावाच लागतो. सगळेच देतात. तुम्ही तर औषध लाइनमधले, मला वाटलं तुम्हाला समजलं असेल."

सॅम्पलनं फोन ठेवला आणि स्टुलावर बसला. त्याच्याकडे बघून दया यावी असा तो बसला होता, पण वहिनीला दया आली नाही. कंपनीनं कागद कपाटात ठेवले होते, यानं प्रश्न तोंडात ठेवला होता. गोळीचं नाव तरी खोक्यावर छापलेलं होतं. इथे तर तीच फॅक्टरीतली वस्तू, मापाशिवाय, नावाशिवाय, झाडपाल्याच्या बुरख्यात, गोळ्यांना भिऊन पळालेल्या माणसांच्याच घशात घातली होती.

"मला माहीत नव्हतं, अक्का. देवाशप्पथ."

"माहीत करून घ्यायचं नव्हतं तुला," वहिनी म्हणाली. "अक्कांना मी उद्या सकाळी डॉक्टरकडे नेते. पण शिबिराला नाव दिलेल्या बाकीच्यांचं काय?"

"शिबिर पुढे ढकलतो. हॉल मिळाला नाही असं सांगतो. महिन्याभरात मी साधी पावडर मागवून गुपचूप..."

"गुपचूप," अक्का म्हणाली. तिनं कात्री खाली ठेवली आणि कोट बाजूला सारला. आवाज चढला नव्हता, पण सॅम्पल शाळकरी पोरासारखा ताठ झाला. "पत्रक काढणार का? 'आपली सुरक्षितता आमच्यासाठी सर्वोच्च आहे' म्हणून? मेलेल्या भावाचं नाव सांगून माल खपवलास तू. सभेत त्याचा फोटो लावायचास. मी शेजारी उभी राहून हात हलवायचे. काढ फोन. एकेकाला लाव. इथेच बसून."

"अक्का, माझा धंदा बसेल."

"बसू दे."

त्यानं पहिला नंबर लावला. घसा साफ केला आणि त्याच्या तोंडून सभेतलाच गोड आवाज निघाला. "नमस्कार काका, आपल्या निरोगी परिवारातर्फे एक छोटीशी सूचना..."

अक्कानं हात पुढे करून फोन बंद केला. "तसं नाही. मला आत्ता सांगितलंस तसं सांग."

दुसऱ्यांदा त्यानं साध्या आवाजात सांगितलं. पावडरमध्ये स्टेरॉइड निघालं. मी तपासलं नव्हतं. एकदम बंद करू नका, उद्या डॉक्टरकडे जा, बरणी बरोबर न्या. पलीकडून म्हातारा आवाज आला, स्वच्छ, कडवट.

"म्हणजे शेवटी कंपनीनं तुम्हालाही विकत घेतलं म्हणायचं."

"नाही हो काका, मी खरं सांगतोय."

"सगळे हेच म्हणतात. बंदच करतो मी सगळं. तुमची पावडरही, डॉक्टरही. आमचं आम्ही बघू."

आजवर ज्याच्या त्याच्याकडे बोट दाखवून "त्यांच्यावर विश्वास ठेवू नका" असं सॅम्पलनंच शिकवलं होतं, आणि हा काका सगळ्यांत हुशार विद्यार्थी निघाला होता. सॅम्पलनं वहिनीकडे पाहिलं. वहिनीनं नकारार्थी मान हलवली. तिचं काका काय ऐकणार, ती दुकानवाली.

अक्कानं त्याच्या हातातून फोन घेतला.

"काका, मी अक्का. सभेत मुठी उघडून दाखवायचे ती. कंपनी आम्हाला काय विकत घेणार, तिनं माझा भाऊ खाल्लाय. आणि हा माझा दुसरा भाऊ, यानं मला वर्षभर हेच चारलं. मी कोणाची बाजू घेत नाहीये. उद्या मी डॉक्टरकडे जाणार आहे. तुमच्या घरावरून रिक्षा नेते. बरणी घेऊन दारात उभे राहा."

पलीकडचा आवाज थोडा उतरला. "किती वाजता?"

तिनं वेळ सांगितली, फोन सॅम्पलच्या हातात परत दिला आणि म्हणाली, "पुढचा लाव."